गाडीतला सबवूफर आणि ओहमचा नियम

मुंब्रा-पनवेल रस्त्यावर नावडे फाट्याजवळ संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. तळोजा औद्योगिक वसाहतीतून सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया भरून निघालेले ट्रेलर, रिक्षा आणि टेंपो यांच्या गोंगाटातही एखादी लहानशी मोटार वेगळी ओळखू येते. तिच्या काचा बंद असतात. गाणे कोणते, गाणारा कोण, काही कळत नाही. पण 'धप् धप् धप्' मात्र छातीत जाणवते.

एकदा अशा वेळी आमच्याबरोबर नववीतली काही मुले होती. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "सर, बाकीचं गाणं गाडीतच राहतं आणि ढोल तेवढा बाहेर कसा येतो?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्हांला ध्वनी, वस्तुमान आणि तरंगलांबी अशा तीन प्रकरणांतून जावे लागले.

त्याच पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी आपली गाडी घेऊन आला. बचतीतून त्याने डिकीत सबवूफर आणि चार वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. पहिले काही महिने सारे ठीक होते. पाऊस सुरू झाला आणि दाराच्या स्पीकरमधून 'कुंईंई' असा बारीक आवाज येऊ लागला. इंजिनाचा वेग वाढवला की तो आवाजही चढायचा. बेस दुबळा झाला होता, आणि आवाज मोठा केला की ॲम्प्लिफायर मध्येच बंद पडायचा. त्याला सांगण्यात आले होते की ॲम्प्लिफायर गेला, नवा घ्या. "सर, नवा घ्यायच्या आधी एकदा बघाल का?" एवढेच त्याचे म्हणणे होते.

आम्ही काही रेडिओ दुरुस्त करणारे नव्हे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत मल्टिमीटर होता आणि ओहमचा नियम पाठ होता. एका रविवारी मुलांना बोलावून आम्ही गाडी शाळेच्या आवारात उभी केली. त्या दिवशी काय सापडले ते सांगण्याआधी या यंत्रणेचे काम कसे चालते ते पाहू.

खर्जाची लांबी

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या वारंवारतांचे आवाज ऐकू येतात. सबवूफरचे काम त्यातल्या अगदी खालच्या भागापुरते, म्हणजे सुमारे २० ते ८० किंवा १०० हर्ट्झपर्यंत असते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३४५ ÷ ५० = ६.९ मीटर येते. ३,४५० हर्ट्झच्या लाटेची लांबी फक्त १० सेंटिमीटर असते. म्हणजे खर्जाची एक लाट अख्ख्या मोटारीपेक्षा लांब असते. सबवूफरच्या बहुतेक गमती या एका गोष्टीतून निघतात.

पहिली गोष्ट दिशेची. आवाज कोणत्या बाजूने आला हे ओळखण्यासाठी मेंदू दोन्ही कानांपर्यंत पोचलेल्या आवाजांतला फरक पाहतो. दोन कानांत जेमतेम १५-२० सेंटिमीटर अंतर असते. सात मीटर लांबीच्या लाटेत एवढ्या अंतराने फारसा फरक पडत नाही, म्हणून खर्जाची दिशा कळत नाही. त्यामुळेच सबवूफर मागे डिकीत ठेवला तरी चालतो.

दुसरी गोष्ट गाडीच्या आकाराची. मोठ्या सभागृहात लाट पसरत जाते. बंद काचांच्या गाडीत मात्र लाटेला पसरायला जागाच नसते. सबवूफरचा कोन पुढे आला की गाडीतली सगळी हवा एकदम किंचित दाबली जाते, मागे गेला की विरळ होते. त्यामुळे तोच सबवूफर दिवाणखान्यापेक्षा गाडीत कितीतरी जोरात वाजतो. गाणे चालू असताना एक काच पूर्ण खाली करून पाहा, बेस लगेच उतरतो.

तिसऱ्या गोष्टीत त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पत्रा, काच किंवा भिंत आवाज अडवते ती मुख्यतः आपल्या वस्तुमानामुळे. वेगाने मागेपुढे हलवायचे तर जड वस्तू ऐकत नाही, सावकाश हलवायचे तर हलते. ढोबळ हिशेबाने वारंवारता निम्मी झाली की भिंतीची आवाज अडवण्याची क्षमता ६ डेसिबलने घटते. ३,२०० हर्ट्झपासून ५० हर्ट्झपर्यंत येताना वारंवारता सहा वेळा निम्मी होते. म्हणजे फरक ३६ डेसिबलचा पडला. गायिकेचा आवाज काचेत अडतो आणि ढोल बाहेर येतो तो यामुळे.

खोका कशासाठी?

आज आपण वापरतो तो हलत्या कॉइलचा स्पीकर अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडला. तत्त्व आजही तेच आहे. चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल असते. तीतून संकेताचा प्रवाह गेला की ती मागेपुढे होते आणि तिला जोडलेला कोन हवा ढकलतो.

आवाजाची तीव्रता तेवढीच ठेवून वारंवारता निम्मी करायची, तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते. २०० हर्ट्झला जेवढी हालचाल पुरते, तिच्या सोळापट हालचाल ५० हर्ट्झला लागते. म्हणून सबवूफरचा कोन मोठा आणि त्याची किनार रबराची, जाड व लवचीक असते.

पण नुसता स्पीकर हातात धरून वाजवला तर बेस येतच नाही. कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढची हवा कडेने वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात. हे वर्गात दाखवता येते. जुन्या रेडिओचा चार इंची स्पीकर उघडाच वाजवा. मग मोठ्या पुठ्ठ्याला तेवढेच भोक पाडून त्यावर स्पीकर घट्ट धरा. आवाज एकदम भरदार होतो, कारण वळसा लांब झाला.

खोका हा त्या पुठ्ठ्याचाच पुढचा टप्पा. पूर्ण बंद खोक्यात आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि कोनाला आवरून धरते. दुसऱ्या प्रकारच्या खोक्याला एक नळी किंवा फट असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की 'हुम्म' असा ठरावीक सूर निघतो, तसाच या खोक्याचाही एक सूर असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने हे अनुनादक ओळखले जातात. नळीचा खोका आपल्या सुराच्या आसपास जास्त जोर देतो, पण त्या सुराच्या खाली कोनाला कोणाचाच आवर राहत नाही आणि तो फाटेस्तोवर हलू शकतो. म्हणून अशा खोक्यासाठी ॲम्प्लिफायरवर अतिखर्ज गाळणारे बटण असेल तर ते चालू ठेवावे.

कोणत्या स्पीकरला किती लिटरचा खोका हवा, याचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात बसवले. चांगल्या सबवूफरच्या माहितीपत्रकात त्यांच्या नावाचे आकडे दिलेले असतात. खोका घेताना त्या आकड्यांशी जुळतो का ते पाहावे, केवळ स्पीकरचा व्यास पाहून घेऊ नये.

खोक्यावर लिहिलेले वॅट

गाडीच्या डेकवर '५० वॅट × ४' असे लिहिलेले असते. मग वेगळा ॲम्प्लिफायर कशाला? दहावीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यावे. इंजिन चालू असताना विभवांतर जास्तीत जास्त सुमारे १४.४ व्होल्ट असते. स्पीकरचा रोध ४ ओहम धरू. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे ५२ वॅट. खोक्यावरचा आकडा इथून आला! पण याचा अर्थ असा की स्पीकरवर सतत पूर्ण १४.४ व्होल्ट आहेत, म्हणजे लाटेला चढउतारच नाही. खरी गोल लाट त्याच उंचीची असेल तर तिची सरासरी शक्ती बरोबर निम्मी, २६ वॅट भरते. डेकच्या आतली थोडी घट वजा केली की हाती वीसेक वॅट उरतात.

यापेक्षा जास्त शक्ती हवी तर दोनच मार्ग आहेत. स्पीकरचा रोध कमी करायचा किंवा विभवांतर वाढवायचे. वेगळा ॲम्प्लिफायर मुख्यतः दुसरी गोष्ट करतो. त्याच्या पोटात बॅटरीचा प्रवाह झरझर चालूबंद करणारे परिपथ व लहान रोहित्र असते आणि ते १२ व्होल्टपासून बरेच जास्त विभवांतर तयार करतात. खरेदी करताना मात्र 'मॅक्स' किंवा 'पीक' वॅट पाहू नयेत, सतत देता येणारे 'आरएमएस' वॅट पाहावेत.

या शक्तीतला फारच थोडा भाग आवाज बनतो. सबवूफरची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास, बहुधा त्याहून कमी असते. २०० वॅट दिले तर १९८ च्या वर वॅट कॉइल तापवण्यात जातात. कॉइल जळण्याचे मूळ इथे आहे.

तार, फ्यूज आणि अर्थ

आता २०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर बॅटरीकडून किती प्रवाह घेईल? त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्याला सुमारे ३३३ वॅट लागतील. १३.८ व्होल्टने भागले की २४ अँपिअर येतात. 'डी' वर्गाच्या नव्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास असते, तरी १८ अँपिअर लागतातच. आपण सोयीसाठी २० अँपिअर धरू.

बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर तांब्याची तार लागते असे समजा. घरातल्या दिव्याला वापरतात तशी दीड चौरस मिलिमीटरची तार घातली तर तिचा रोध सुमारे ०.०५७ ओहम होतो. २० अँपिअरला तिच्यातच १.१ व्होल्ट खर्ची पडतात आणि २३ वॅट उष्णता तयार होते, तीही गालिच्याखाली. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.४३ व्होल्ट जातात. सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेत फक्त ०.११ व्होल्ट. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट असतो, म्हणून ती तार तेवढ्या प्रमाणात जाड घ्यावी लागते. तारेचे टोक खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो.

फ्यूज कशासाठी असतो? बहुतेक जण म्हणतात, ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी. ते बरोबर नाही. बॅटरीजवळचा फ्यूज तारेसाठी असतो. ही तार इंजिनामागच्या पत्र्यातून आत येते. पत्र्याच्या धारेने तिचे आवरण कापले गेले आणि तांबे पत्र्याला टेकले, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात. त्या वेळी तार विजेच्या शेगडीसारखी लाल होते आणि तिच्याभोवती फोम, कापड, प्लॅस्टिक असते. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असेल तर त्याच्या अलीकडची चार-पाच मीटर तार बेवारस राहते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत हवा, तारेला झेपेल त्याहून मोठा नको, आणि पत्र्याच्या भोकात रबरी कडे हवेच.

प्रवाहाचा परतीचा रस्ता आपण बहुधा विसरतो. गाडीत बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते आणि सगळी गाडी हीच परतीची तार असते. ॲम्प्लिफायरची अर्थ तार जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळतात. जेवढा प्रवाह जाड लाल तारेतून येतो तेवढाच या एका बोल्टमधून परत जातो. पण पत्र्यावर रंग असतो, आणि रंग वीज वाहून नेत नाही.

रविवारची तपासणी

आम्ही मुलांना एकच नियम सांगितला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे.

आधी 'कुंईंई' या आवाजाकडे वळलो. डेकचा आवाज शून्यावर आणला, तरी कुंई चालूच होती. डेकपासून ॲम्प्लिफायरकडे येणाऱ्या आरसीए तारा काढल्या. कुंई थांबली. म्हणजे ती ॲम्प्लिफायरच्या आत तयार होत नव्हती. मग त्याच जागी मोबाइल जोडून गाणे लावले. मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर होता, गाडीच्या पत्र्याशी त्याचा संबंध नव्हता. गाणे स्वच्छ वाजले. "म्हणजे ॲम्प्लिफायर चांगला आहे!" एक मुलगा ओरडला. निदान कुंईच्या बाबतीत तो निर्दोष ठरला होता.

मग कुंई आली कुठून? गाडीतला अल्टरनेटर तीन कलांची प्रत्यावर्ती वीज तयार करतो आणि डायोड तिला एका दिशेची करतात. ती अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक तरंग राहतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये दर फेऱ्याला असे ३६ तरंग येतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल आणि पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर सेकंदाला सुमारे ३३ फेरे होतात, म्हणजे १,२०० हर्ट्झ. इंजिनाचा वेग दुप्पट केला की २,४०० हर्ट्झ, बरोबर एक सप्तक वर. आवाज इंजिनाबरोबर का चढत होता ते आता कळते. तो दाराच्या स्पीकरमधूनच का येत होता, हेही कळते. सबवूफरच्या वाटेवर ८० हर्ट्झच्या वरचे सारे गाळले जाते.

आता प्रश्न उरला की हे तरंग संकेतात शिरले कसे. आम्ही ५० हर्ट्झचा एकसारखा सूर लावला आणि इंजिन चालू ठेवून मोजमाप घेतले. बॅटरीच्या टोकांवर १३.९ व्होल्ट होते. ॲम्प्लिफायरच्या टोकांवर ११.६ व्होल्ट. मधले २.३ व्होल्ट कुठे गेले?

मल्टिमीटरला लांब तार जोडून एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे ॲम्प्लिफायरच्या धन टोकावर ठेवले. ०.४ व्होल्ट. (ही लांब तार बारीक असली तरी चालते, कारण व्होल्ट मोजताना मीटरमधून प्रवाह जवळजवळ जातच नाही. हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.) मग तसेच ऋण बाजूला केले. १.९ व्होल्ट! हिशेब जुळला: ०.४ आणि १.९ मिळून २.३.

प्रवाह किती हे मोजायला आमच्याकडे साधन नव्हते. शाळेच्या मीटरची मर्यादा १० अँपिअर होती, तो मध्ये जोडला असता तर जळाला असता. पण लाल तार चार चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांब होती. तिचा रोध ०.०२१ ओहम. तिच्यात ०.४ व्होल्ट खर्च होत असतील तर प्रवाह ०.४ ÷ ०.०२१, म्हणजे सुमारे १९ अँपिअर. ओहमच्या नियमाने तारेलाच अमीटर बनवले.

१९ अँपिअर आणि १.९ व्होल्ट, म्हणजे परतीच्या वाटेवर सुमारे ०.१ ओहम रोध. तिथे ३६ वॅट उष्णता तयार होत होती. झाळणीची साधी इस्त्री २५-३५ वॅटची असते! इंजिन बंद करून डिकीतला गालिचा उचलला. अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. सुरुवातीला तो आट्यांमधून कसाबसा पत्र्याला टेकत असावा. कोकणातल्या पावसाळी दमट हवेने तिथे गंज चढला आणि तेवढाही रस्ता अरुंद झाला. गालिच्याची खालची बाजू तिथे करपली होती.

आता सारे लक्षात येते. परतीची मुख्य वाट तुंबली की थोडा प्रवाह आरसीए तारेच्या जाळीतून, डेकमार्गे परतू पाहतो. ही जाळी सूक्ष्म प्रवाहासाठी केलेली असते. तीतून अल्टरनेटरचे तरंग संकेतात मिसळतात, आणि प्रवाह जास्त झाला तर डेकच्या आतली नाजूक जोडणीही जळू शकते. दुसरीकडे ॲम्प्लिफायरला विभवांतर कमी मिळते, ढोलाच्या मोठ्या ठोक्याला ते आणखी खाली जाते आणि ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. नवा ॲम्प्लिफायर घेतला असता तर तोही त्याच बोल्टला जोडला गेला असता.

बॉनेटखाली आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती पाहून आम्ही काही क्षण बोललो नाही. फ्यूजच्या डबीत फ्यूज नव्हता. तांब्याच्या तारांचा पीळ होता. "दोनदा उडाला सर, म्हणून तात्पुरतं केलं," तो खाली मान घालून म्हणाला. फ्यूज उडाला तेव्हा तो काहीतरी सांगत होता. आपण त्याचे तोंड बंद केले होते.

बॅटरीची आधी ऋण तार सोडवली. (धन तार आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला तर सरळ शॉर्ट होतो. ऋण आधी सोडली की तो मार्गच उरत नाही.) पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, नवा बोल्ट, दातेरी वॉशर आणि घट्ट दाबलेले थिंबल लावले, वरून ग्रीस फासले. चौकशी केली तेव्हा कळले की लाल तार पत्र्याच्या भोकातून उघडीच नेली होती. तिथे तिचे आवरण घासले गेले होते, फ्यूज त्यामुळेच उडत असावा. नवी १६ चौरस मिलिमीटरची तार, रबरी कडे आणि ३० अँपिअरचा खरा फ्यूज बसवला. पुन्हा मोजले तेव्हा ऋण बाजूला ०.०५ व्होल्ट आणि धन बाजूला ०.१ व्होल्ट होते. कुंई गेली. सूर अर्धा तास चालू ठेवला, ॲम्प्लिफायर बंद पडला नाही.

गेन म्हणजे आवाज नव्हे

ॲम्प्लिफायरवरचे 'गेन' हे बटण बहुतेक जण आवाजाचे बटण समजून पूर्ण फिरवून ठेवतात. त्याचे काम डेकचा संकेत आणि ॲम्प्लिफायरची क्षमता यांचा मेळ घालणे एवढेच आहे. गेन जास्त झाला की लाटेचे माथे छाटले जातात, कारण ॲम्प्लिफायर आपल्या कमाल विभवांतराच्या वर जाऊ शकत नाही. छाटलेली लाट चौकोनी होत जाते आणि चौकोनी लाटेची शक्ती त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट असते. २०० वॅटचा ॲम्प्लिफायर मग ४०० वॅटपर्यंत उष्णता कॉइलमध्ये ओतू शकतो.

गेन मल्टिमीटरने असा लावता येतो. सबवूफरची तार सोडवावी. डेकवरचे बेस, लाउडनेस वगैरे सारे सपाट ठेवावे. गेन शून्यावर आणि डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा पूर्ण उंचीचा सूर लावावा. २०० वॅट आणि ४ ओहम यांच्या गुणाकाराचे, म्हणजे ८०० चे वर्गमूळ २८.३ येते. ॲम्प्लिफायरच्या बाहेरच्या टोकांवर मीटर प्रत्यावर्ती पट्टीत २८ व्होल्ट दाखवीपर्यंत गेन हळूहळू वाढवावा आणि तिथेच सोडावा. आपले साधे मीटर घरातल्या ५० हर्ट्झ विजेसाठी केलेले असल्याने या सुराला ते बरोबर मोजतात.

इतर काही दोष

आवाजच येत नसेल तर आधी ॲम्प्लिफायरच्या तीन टोकांवर मोजावे: धन तार, अर्थ, आणि डेक चालू केल्यावर १२ व्होल्ट देणारी बारीक 'रिमोट' तार. यांतले एक बहुधा सुटलेले असते.

'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लागत असेल तर स्पीकरच्या तारा काढून पाहाव्यात. दिवा गेला तर दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये आहे. ४ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर साधारण ३ ते ३.८ ओहम दिसतो. शून्य दिसले तर शॉर्ट, काहीच दिसले नाही तर कॉइल तुटली. कोन दोन्ही हातांनी अलगद दाबताना खरखर लागली तर कॉइल जळाली असावी.

थोड्या वेळाने ॲम्प्लिफायर तापून बंद पडत असेल तर जोडणी पाहावी. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात, एकसर जोडले की ८. ॲम्प्लिफायरला किमान किती ओहम चालतात ते त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याखाली जाऊ नये.

दोन सबवूफर असून बेस पोकळ वाटत असेल तर एकाची धन-ऋण टोके उलटी असावीत. दोन्ही कोन विरुद्ध दिशांना हलून एकमेकांचा आवाज खोडतात. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर कोन बाहेर येतो.

फडफड येत असेल तर स्पीकरला दोष देण्याआधी नंबरप्लेट आणि डिकीचे झाकण हाताने दाबून पाहावे. बंद खोक्याच्या सांध्यांजवळ उदबत्ती धरली की हवेची गळती धुराच्या हलण्यावरून सापडते.

कान आणि शेजारी

खर्जाच्या बाबतीत आपला कान फसतो. तो ५० हर्ट्झला इतका मंद आहे की ध्वनिमापकाच्या 'ए' पट्टीत या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा केले जातात. बेस पुरेसा वाटेना म्हणून आपण सगळाच आवाज वाढवतो, आणि त्याबरोबर कानाला जास्त इजा करणाऱ्या वरच्या वारंवारताही वाढतात. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली जाते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे मिळतात. कानाच्या आतल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. गाडीतून उतरल्यावर कानात शीळ वाजत असेल तर ती सूचना समजावी.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते. भिंती खर्जाला अडवत नाहीत, हे आपण वर पाहिलेच. आजाऱ्याने किंवा अभ्यास करणाऱ्याने खिडकी लावून घेतली तरी त्याची सुटका होत नाही. शिवाय महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रेलरचा भोंगा चालकाला ऐकू यायलाच हवा.

गेन बरोबर लावल्यावर आमचा विद्यार्थी आधी थोडा खट्टू झाला. "सर, आवाज कमी झालाय," तो म्हणाला. मग त्याने नेहमीचे गाणे पुन्हा लावले आणि शेवटपर्यंत ऐकले. "या गाण्यात मागे संबळ आहे, हे मला माहीतच नव्हतं!" नव्या ॲम्प्लिफायरचे पैसे त्याचे वाचले. गालिचा करपून थांबला, हे त्याहून मोलाचे.

शिक्षकांनी यातले निदान तीन प्रयोग वर्गात करून पाहावेत: पुठ्ठ्यावरचा स्पीकर, सेलने हलणारा कोन, आणि एक गंजलेला व एक घासलेला बोल्ट मध्ये घालून लहान दिव्याच्या परिपथात मोजलेले विभवांतर. तिसऱ्या प्रयोगात दोन आकड्यांतला फरक मुलांना स्वतः वहीत लिहू द्यावा. तार, बोल्ट, फ्यूज आपल्या घरातही असतात. वीजउपकरण बंद पडले की 'ते गेले' असे म्हणण्याआधी त्याच्यापर्यंत जाणारी आणि त्याच्याकडून परत येणारी वाट मोजून पाहायची, एवढी सवय लागली तरी ओहमचा नियम शिकवल्याचे सार्थक होईल.